दैनंदिन इंग्रजीतील मौनाचे अर्थ व उपयोग : हॅरॉल्ड पिंटर यांच्या नाट्यभाषेच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

भाषेचा अभ्यास म्हणजे उच्चारलेल्या शब्दांचा अभ्यास, अशी एक रूढ समजूत आहे. व्याकरण वाक्यांचे असते, कोश शब्दांचे असतात आणि परीक्षेतील गुण विद्यार्थी जे बोलतो वा लिहितो त्याला दिले जातात. बोलण्याच्या मधली रिकामी जागा मात्र अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहते. प्रत्यक्ष व्यवहारात ही जागा रिकामी नसते. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणे, उत्तर देण्यास क्षणभर उशीर करणे, ठरावीक विषय टाळून भलत्याच विषयावर बोलत राहणे, ही सर्व भाषिक वर्तनेच आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ ऐकणारा आपापल्या परीने लावत असतो.

इंग्रजी साहित्याच्या अध्यापनात मौनाचा प्रश्न बहुधा हॅरॉल्ड पिंटर (१९३०–२००८) यांच्या नाटकांच्या निमित्ताने उपस्थित होतो. पिंटर यांच्या संहितेतील 'पॉज' आणि 'सायलेन्स' या रंगसूचना प्रसिद्ध आहेत. त्यांचे स्पष्टीकरण मात्र बहुतेक वेळा एकाच दिशेने केले जाते. मानवी अस्तित्वाची निरर्थकता, संवादाची अशक्यता आणि गूढ भय या तीन संज्ञांमध्ये पिंटर यांचे मौन बसवून टाकले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. पिंटर यांचे मौन प्रथमतः दैनंदिन इंग्रजीतील मौन आहे. ते रोजच्या बोलण्याचे नियम पाळते आणि त्या नियमांमुळेच प्रेक्षकाला अस्वस्थ करते.

मौन : संज्ञा आणि छटा

मराठीत मौनासाठी अनेक नामे आहेत. 'मौन' हे व्रताचे वा निश्चयाचे, 'शांतता' ही वातावरणाची, 'स्तब्धता' ही आदराची वा आश्चर्याची, तर 'अबोला' हा नात्यातील रुसव्याचा. सभेत श्रद्धांजली वाहताना दोन मिनिटे 'स्तब्ध' उभे राहिले जाते. तेथे 'अबोला' हा शब्द हास्यास्पद ठरेल. अन्याय दिसत असूनही न बोलणारा मनुष्य 'मूग गिळून' बसतो. त्याच्या गप्प बसण्याला कोणी 'मौनव्रत' म्हणत नाही. म्हणजेच मराठी भाषकाने नाम निवडताच मौनाचे मूल्यमापनही झालेले असते.

इंग्रजीत 'सायलेन्स' हे एकच नाम यांपैकी बरेचसे क्षेत्र व्यापते आणि भेद दाखवण्याचे काम विशेषणांवर सोपवले जाते. 'ऑकवर्ड सायलेन्स' ही दोघांनाही नकोशी झालेली शांतता, 'स्टोनी सायलेन्स' ही रागाची, 'कंपॅनिअनेबल सायलेन्स' ही दोन जुन्या मित्रांमधली सुखाची, तर 'सायलेंट ट्रीटमेंट' ही शिक्षा म्हणून धरलेल्या अबोल्याची. या शब्दप्रयोगांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. इंग्रजी भाषकाच्या दृष्टीनेही मौन हे एकजिनसी नाही. त्याचा अर्थ कोण, कोणापुढे, कशानंतर आणि किती वेळ गप्प राहिले यावर ठरतो.

दैनंदिन इंग्रजीतील मौनाचे कार्य

ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी १९२३ साली 'फॅटिक कम्युनियन' ही संज्ञा मांडली. हवामानाविषयीची टिप्पणी, प्रकृतीची चौकशी यांसारख्या बोलण्यातून माहिती दिली जात नाही. दोन माणसांमधील मौनाचा ताण दूर केला जातो, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. अनोळखी माणसाचे गप्प राहणे धोक्याचे वाटते, हे त्यामागील गृहीतक होय. हे गृहीतक सर्व समाजांना सारखेच लागू पडत नाही. कीथ बॅसो यांनी १९७० साली अमेरिकेतील वेस्टर्न अपाची समाजाविषयी लिहिलेल्या निबंधात याच्या नेमकी उलट परिस्थिती नोंदवली आहे. तेथे अनोळखी माणसांची भेट होताच बोलण्याची घाई केली जात नाही आणि दूरच्या शाळेतून अनेक महिन्यांनी घरी परतलेल्या मुलांशीही पालक सुरुवातीला फारसे बोलत नाहीत. नाते अनिश्चित असताना गप्प राहणे, ही तेथील रीत आहे. इंग्रजी व्यवहारात नाते अनिश्चित असताना बोलणे हीच रीत मानली जाते. मौनाचा अर्थ भाषेबरोबर आणि समाजाबरोबर बदलतो, हे यावरून सिद्ध होते.

संभाषण-विश्लेषणाने या अभ्यासाला शास्त्रीय काटेकोरपणा दिला. हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी १९७४ साली संभाषणातील पाळ्यांच्या व्यवस्थेवर प्रसिद्ध केलेल्या निबंधात मौनाचे तीन प्रकार मानले. एकाच वक्त्याच्या पाळीच्या आत येणारे मौन हा विराम, दोन पाळ्यांच्या मधले मौन ही फट आणि कोणीच पुढे बोलत नाही तेव्हाचे दीर्घ मौन हा खंड. शांतता तीच असते. ती कोणाच्या नावावर जमा होते हे तिच्या स्थानावरून ठरते. प्रश्न विचारल्यावर पडलेली शांतता ही प्रश्न विचारणाऱ्याची नसते, ती ज्याने उत्तर द्यायचे त्याची असते. शेग्लॉफ यांनी १९६८ मध्येच दाखवून दिले होते की, प्रश्नामुळे उत्तराची अपेक्षा निर्माण होते आणि त्यामुळे उत्तराचा अभाव ही एक 'जाणवणारी' घटना ठरते.

दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे होकार आणि नकार यांच्या वेगातील फरक. इंग्रजी संभाषणात आमंत्रणाला वा विनंतीला होकार तत्काळ येतो; नकार उशिरा, 'वेल'सारख्या प्रारंभिक शब्दासह आणि कारणासह येतो. त्यामुळे उत्तराला झालेला किंचितसा उशीरही नकाराची पूर्वसूचना ठरतो. अनेकदा आमंत्रण देणारा ती सूचना ओळखून आपणच माघार घेतो आणि 'गैरसोय होत असेल तर राहू द्या' अशा आशयाचे काही बोलतो. नकाराचा एकही शब्द न उच्चारता नकार दिला जातो आणि स्वीकारलाही जातो. इंग्रजी संभाषणात सहन केली जाणारी शांतता साधारणपणे एका सेकंदापर्यंतची असते, असे जेफरसन यांनी १९८९ साली मांडले. पुढे २००९ मध्ये तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी दहा भाषांतील होय-नाही स्वरूपाच्या प्रश्नोत्तरांची तुलना केली. उत्तरापूर्वीची फट सरासरीने सुमारे २०० मिलिसेकंद आढळली. जपानी भाषक सर्वांत जलद तर डॅनिश भाषक सर्वांत संथ ठरले. मात्र प्रत्येक भाषेची सरासरी एकूण सरासरीपासून पाव सेकंदाच्या आतच होती. या दहा भाषांमध्ये एकही भारतीय भाषा नव्हती, ही गोष्ट येथील अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

मौनाचा अर्थ केवळ घरगुती संभाषणापुरता मर्यादित राहत नाही. सर थॉमस मोर यांच्यावरील १५३५ सालच्या खटल्यात राजाच्या धर्मसत्तेविषयी त्यांनी बाळगलेले मौन हाच आरोपाचा एक भाग होता आणि मौन हे संमतीचे लक्षण मानले जाते या न्यायतत्त्वाचा आधार मोर यांनी स्वतःच्या बचावासाठी घेतला. 'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन मराठी वाचकाला परिचित आहे. ते बचावाचे शस्त्र होऊ शकते, हे या खटल्यात दिसते. अगदी अलीकडे, १९९४ च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर ॲक्टने इंग्लंड व वेल्समधील न्यायालयांना, पोलिसांच्या प्रश्नांपुढे आरोपी गप्प राहिल्यास काही परिस्थितींत त्यावरून प्रतिकूल अनुमान काढण्याची मुभा दिली. दुसरीकडे, पहिल्या महायुद्धातील मृतांसाठी ११ नोव्हेंबर १९१९ रोजी ब्रिटनमध्ये प्रथम पाळल्या गेलेल्या दोन मिनिटांच्या स्तब्धतेने मौनाला सार्वजनिक विधीचे स्थान दिले. एकाच भाषासमाजात मौन हे आदराचे, संमतीचे, नकाराचे आणि संशयाचेही चिन्ह असू शकते.

पिंटर यांच्या नाटकांतील मौन : प्रचलित वाचनाची मर्यादा

'द बर्थडे पार्टी' हे नाटक १९५८ साली लंडनमध्ये आले तेव्हा ते जेमतेम आठवडाभर चालले. त्याच वर्षी समीक्षक अर्व्हिंग वॉर्डल यांनी या प्रकारच्या नाटकांसाठी 'कॉमेडी ऑफ मेनेस' ही संज्ञा वापरली. १९६१ मध्ये मार्टिन एस्लिन यांनी 'द थिएटर ऑफ द ॲब्सर्ड' या ग्रंथात पिंटर यांना बेकेट, आयनेस्को यांच्या परंपरेत स्थान दिले. या दोन्ही संज्ञा आपापल्या जागी उपयुक्त होत्या. तथापि अध्यापनाच्या व्यवहारात त्या इतक्या सवयीच्या झाल्या की संहितेतील प्रत्येक 'पॉज' म्हणजे भय अथवा पोकळी, असे समीकरण रूढ झाले. एखादा विशिष्ट विराम कोणत्या वाक्यानंतर येतो, तो कोणाचा आहे आणि त्याने काय साधले, हा प्रश्न विचारण्याची गरजच उरली नाही.

स्वतः पिंटर यांनी १९६२ साली ब्रिस्टल येथे विद्यार्थ्यांच्या नाट्यमहोत्सवात केलेल्या भाषणात दोन प्रकारच्या मौनांचा उल्लेख केला होता. एक, ज्यात शब्द उच्चारला जात नाही. आणि दुसरे, ज्यात शब्दांचा पूर वाहत असतो. दुसऱ्या प्रकारात बोलणे हेच न बोललेल्या गोष्टीवरचे आच्छादन असते. माणसांमधील संवाद अशक्य झाला आहे हे मतही त्यांनी तेथे मान्य केले नाही. उलट माणसे मौनातून एकमेकांना फार चांगली समजतात आणि तेच टाळण्याची त्यांची धडपड असते, असा त्यांचा रोख होता. ही भूमिका संवादाच्या अशक्यतेच्या सिद्धान्ताला सरळ छेद देते.

संहितेकडे वळल्यास हे अधिक स्पष्ट होते. 'द होमकमिंग' (१९६५) या नाटकाच्या आरंभी वृद्ध मॅक्स आपल्या मुलाला, लेनीला, कात्री कुठे ठेवली असे विचारतो. लेनी वर्तमानपत्र वाचत राहतो. येथे गूढ काहीही नाही. प्रश्नाने उत्तराची अपेक्षा निर्माण केली आहे आणि उत्तर देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो ती नाकारत आहे. पित्याचा अधिकार या घरात संपुष्टात आला आहे, ही माहिती प्रेक्षकाला पहिल्या मिनिटातच मिळते आणि ती एका न दिलेल्या उत्तरातून मिळते. असे मौन कोणत्याही घरात ओळखू येईल.

'द केअरटेकर' (१९६०) च्या शेवटी बेघर डेव्हिस हा ॲस्टनकडे खोलीत राहू देण्याची याचना करतो. ॲस्टन खिडकीकडे तोंड करून पाठमोरा उभा राहतो. डेव्हिसची वाक्ये तुटत जातात, अर्ध्यावर थांबतात आणि नंतर दीर्घ शांततेवर पडदा पडतो. या शेवटाचे वर्णन 'अस्तित्वाचे एकाकीपण' असे करण्यात येते. वस्तुतः हे आमंत्रण-नकाराच्या रचनेचेच टोकाचे रूप आहे. विनंती झाली, उत्तराला उशीर झाला, उशीर म्हणजे नकार हे डेव्हिसला कळले, म्हणून त्याने विनंती अधिकाधिक खाली आणली. रोजच्या व्यवहारात अशा वेळी विनंती करणारा माघार घेतो. डेव्हिसला माघारी जाण्यासाठी जागाच नाही, म्हणून तो नकार ऐकत उभा राहतो. प्रेक्षकाला जाणवणारी वेदना ही संवाद न झाल्याची नसून संवाद पूर्ण झाल्याची आहे.

शब्दांच्या पुरातील मौनाचे उत्तम उदाहरण 'बिट्रेयल' (१९७८) मध्ये सापडते. आपली पत्नी एमा हिचे आपला मित्र जेरी याच्याशी संबंध आहेत, हे रॉबर्टला १९७३ साली व्हेनिसमध्ये कळते. त्यानंतर लवकरच तो जेरीबरोबर उपाहारगृहात जेवतो. त्या प्रसंगात तो पुष्कळ बोलतो, मद्य घेतो, आधुनिक कादंबऱ्यांविषयी चिडून बोलतो. परंतु जे बोलायचे ते बोलत नाही. नाटकाचा कालक्रम उलटा असल्यामुळे प्रेक्षकाला रॉबर्टचे ज्ञान ठाऊक असते, जेरीला ते ठाऊक नसते. त्यामुळे एकाच बोलण्याचे दोन अर्थ एकाच वेळी ऐकू येतात. येथे मौन हे सत्तेचे साधन आहे. जो जाणतो आणि बोलत नाही, त्याच्या हाती नात्याची सूत्रे राहतात.

मौन दयेचेही असू शकते. 'द बर्थडे पार्टी'च्या शेवटी स्टॅन्लीला दोन अनोळखी माणसे घेऊन गेली आहेत, हे पीटी आपल्या पत्नीला, मेगला, सांगत नाही. तो अजून झोपलेला आहे असे भासवतो. हे मौन भित्रेपणाचे, असहायतेचे की करुणेचे, हा निर्णय नाटककाराने प्रेक्षकावर सोपवला आहे. 'भय' या एका शब्दात ते सामावत नाही.

आक्षेप आणि मर्यादा

या वाचनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. पिंटर यांची पात्रे जशी थांबतात तशी माणसे प्रत्यक्षात थांबत नाहीत. खऱ्या इंग्रजी संभाषणात 'अम्', 'यू नो', 'आय मीन' यांसारखे भरणीचे शब्द असतात, बोलणी एकमेकांवर चढतात आणि एका सेकंदाची शांतताही कोणीतरी भरून काढतो. रंगमंचावरील विराम त्याहून कितीतरी दीर्घ असू शकतो. हा आक्षेप वस्तुस्थितीच्या दृष्टीने खरा आहे. परंतु त्याने मूळ प्रतिपादन ढासळत नाही. पिंटर यांनी संभाषणाची ध्वनिमुद्रित नक्कल केलेली नाही. त्यांनी भरणीचे शब्द बऱ्याच अंशी काढून घेतले आणि त्याखालची फट उघडी ठेवली. दैनंदिन बोलण्यात जे क्षणार्धात झाकले जाते, ते येथे पाहावे लागते. 'द होमकमिंग'चे दिग्दर्शक पीटर हॉल हे संहितेतील तीन टिंबे, 'पॉज' आणि 'सायलेन्स' या तीन खुणांमध्ये काटेकोर भेद करीत आणि त्यांची स्वतंत्र तालीम घेत. हा भेद केवळ लांबीचा नसून कार्याचा आहे, हे त्यातून अधोरेखित होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लादलेल्या मौनाचे काय? 'माउंटन लँग्वेज' (१९८८) या छोट्या नाटकात तुरुंगाबाहेर थांबलेल्या स्त्रियांना त्यांची स्वतःची भाषा बोलण्यास मनाई केली जाते. शेवटी ही मनाई उठते; तरीही वृद्ध माता बोलत नाही. येथे पाळी आहे, परवानगी आहे, ऐकायला मुलगाही समोर आहे. पण वाचा राहिलेली नाही. संभाषणाचे नियम या मौनाचे स्थान दाखवू शकतात, कारण दाखवू शकत नाहीत. ते कारण सत्तेच्या इतिहासात शोधावे लागते.

या ठिकाणी विजय तेंडुलकर यांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. शीर्षकातील 'शांतता' ही आज्ञा आहे. लीला बेणारे हिला आरोपी म्हणून बोलण्यासाठी अवधी दिला जातो. त्या अवधीत इतर पात्रे गोठल्यासारखी होतात आणि ती दीर्घ स्वगत बोलते. न्यायासनापर्यंत मात्र त्यातले काहीच पोहोचत नाही. पिंटर यांच्या वृद्ध मातेला बोलू दिले तरी ती बोलू शकत नाही. तेंडुलकरांची बेणारे बोलते, पण ते बोलणे मौनाच्या खात्यात जमा होते. दोन्ही ठिकाणी कोणाचे बोलणे हे बोलणे म्हणून गणले जाईल, याचा निर्णय बोलणाऱ्याच्या हाती नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने

या विवेचनाचा संबंध इंग्रजीच्या वर्गाशी निकटचा आहे. संभाषण-कौशल्याच्या बहुतेक पाठांमधील नमुना-संवादात प्रत्येक प्रश्नाला लगेच आणि पूर्ण वाक्यात उत्तर मिळते. त्यांत कोणी थांबत नाही, नकार देताना कोणी अडखळत नाही. असे संवाद पाठ केलेल्या विद्यार्थ्याला समोरच्याच्या उशिरात दडलेला नकार ओळखता येत नाही. याची दुसरी बाजू अधिक चिंताजनक आहे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी मौखिक परीक्षेत वा मुलाखतीत उत्तर मनात जुळवण्यासाठी दोन-तीन सेकंद थांबतो. परीक्षक ते मौन अज्ञान म्हणून नोंदवतो. वडीलधाऱ्यांपुढे लगेच न बोलणे ही ज्या घरातील मर्यादा, तेथून आलेल्या विद्यार्थ्याची मर्यादा त्याची उणीव ठरते. विषय येत असूनही गुण जातात, नोकरी जाते. ही केवळ भाषाशास्त्रीय चर्चा नव्हे, तर न्यायाची बाब आहे.

निष्कर्ष

१. दैनंदिन इंग्रजीतील मौन हे शब्दांचा अभाव नसून स्थानानुसार अर्थ धारण करणारे भाषिक वर्तन आहे.

२. पिंटर यांच्या नाटकांतील मौनाचे सामर्थ्य ते या दैनंदिन नियमांवर उभे असल्यामुळे आहे. 'निरर्थकता' या एकाच सूत्राने केलेले स्पष्टीकरण त्यातील नकार, सत्ता, लपवणूक आणि करुणा हे भेद पुसून टाकते.

३. लादलेल्या मौनाचे स्पष्टीकरण केवळ संभाषणाच्या नियमांनी होत नाही. तेथे सामाजिक व राजकीय संदर्भाची जोड आवश्यक ठरते.

४. पिंटर यांचे नाटक शिकवताना प्रत्येक विरामाबाबत तो कोणाचा, कशानंतरचा आणि कशासाठी, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांना विचारता येतील. त्यातून साहित्याबरोबरच भाषेचेही शिक्षण होईल.

५. मौखिक मूल्यमापनात विद्यार्थ्याच्या थांबण्याला उत्तराइतकेच काळजीपूर्वक ऐकणे आवश्यक आहे. जो परीक्षक रंगमंचावरील विरामाचे अर्थ उलगडून सांगतो, त्याने समोर बसलेल्या विद्यार्थ्याच्या विरामाला एकच अर्थ देणे सुसंगत ठरत नाही.